वाढत्या अंगाचा एक इंच

मित्रांनो, शिंप्याच्या गळ्यात लोंबणारा पिवळा टेप तुम्ही पाहिला असेल. मी तोच, जरा जुना आणि एका इंचाने अधू. जन्मलो तेव्हा माझ्या अंगावर पुरे साठ इंच होते आणि दोन्ही टोकांना पितळी पट्ट्या. त्यातला पहिला इंच कसा गेला, ते सांगतो.

गुलमंडीच्या बाजारातल्या एका बोळात शफीमास्तरांचे दुकान होते. चौदा वर्षे मी त्यांच्या गळ्यात मिरवलो. कितीतरी नवरदेव मोजले. पोट आत ओढून धरणारे तर मी कमरेला लागताच ओळखायचो. पुढे लोक तयार कपडे घेऊ लागले आणि दुकान बंद झाले. मी डब्यात पडलो, मास्तर खाटेवर. शुक्रवारच्या नमाजालाही ते ओढूनताणून जात. "वरच्यानं आपल्यासाठी आता काम ठेवलं नाय," एवढेच म्हणत.

मग एक दिवस मुक्ताबाई घरी आल्या. फुलंब्री रस्त्यावरच्या बालगृहात त्या अनाथ मुलांना सांभाळतात.

"मास्तर, अठरा लेकरं हायेत. कपडे लई येतात, पण दुसऱ्याच्या अंगावरचे. या दिवाळीला त्यांच्या मापाचं शिवून द्याल का?"

मास्तर नाही म्हणणार होते. पण त्यांनी चष्मा पुसला आणि माझा डबा उघडला.

बालगृहात पोचताच मुलांनी माझा ताबा घेतला. मास्तर ओसरीत तिथल्या शिलाई मशीनला तेल देत होते, तेवढ्यात अंगणात माझी रस्सीखेच सुरू झाली. खरे सांगतो, इतकी मजा मला कधी आली नव्हती. अशात टरकन आवाज झाला आणि माझा पहिला इंच पितळी पट्टीसकट पाच वर्षांच्या सोनियाच्या हातात राहिला. सगळे पांगले. सोनियाने तो तुकडा खिशात टाकला.

मास्तर मापे घ्यायला बसले तेव्हा ती मदतीला पुढे आली. माझे तुटके टोक मुठीत लपवून तिने एकेकाच्या खांद्यावर दाबून धरले. मास्तरांची नजर अधू. ते दुसऱ्या टोकाचा आकडा वाचत आणि वहीत लिहीत. मोजणी शून्याऐवजी एकपासून सुरू होत असल्याने प्रत्येक माप एक इंच जास्त येत होते. मला ते कळत होते, पण टेपला तोंड कुठे असते?

महिनाभर मास्तर रोज बसने येऊन शिवत होते. मुले मशीनभोवती बसत, चिंध्या गोळा करत. मास्तर जुनी गाणी गुणगुणू लागले होते.

दिवाळीच्या आदल्या दिवशी मुलांनी कपडे घातले. सगळ्यांचे खांदे उतरलेले, बाह्या बोटांवर. मास्तरांनी एका मुलाची बाही बोटांवरून मागे सारली.

"चाळीस वर्षांत असं नाय झालं. माझे हात गेले, बाई. उद्यापासून मी येत नाय."

त्यांनी माझी गुंडाळी केली. तेवढ्यात सोनिया रडत पुढे आली आणि तिने माझा इंच त्यांच्या तळहातावर ठेवला.

"मी तोडला. आजोबा, तुम्ही जाऊ नका."

मास्तरांनी तो तुकडा माझ्या तुटक्या टोकाला लावून पाहिला. मुक्ताबाई हसल्या.

"मास्तर, आई वाढत्या अंगाचंच शिवती. हे पोरगं पुढच्या साली मोठं होणार, हे तिनं धरलेलं असतं. या लेकरांसाठी तसं कुणी धरलंच नव्हतं."

मास्तरांनी डोळे पुसले. मग संध्याकाळपर्यंत बसून त्यांनी बाह्या आणि घेर आत दुमडले, कच्चे टाके घातले.

"हे कोण उसवणार?" सोनियाने विचारले.

"मीच. पुढच्या दिवाळीला," मास्तर म्हणाले आणि जरा थबकले. दुकान मिटल्यापासून इतक्या लांबचे ते कधी बोललेच नव्हते. पुढच्या शुक्रवारी ते माझी गुंडाळी खिशात घेऊनच नमाजाला गेले, आणि तेही वेळेआधी.

मागच्या दिवाळीला ते टाके त्यांनीच उसवले. सोनियाचा फ्रॉक तिला अगदी नेमका बसला. मुक्ताबाईंनी नवा टेप आणला होता, पण मास्तरांनी नवी मापे माझ्याच तुटक्या टोकापासून घेतली.

म्हणून मित्रांनो, घरी कुणी ढगळ कपडा शिवला तर रुसू नका. आणि जुनी तुटकी वस्तू फेकण्याआधी थोडा विचार करा. कधी बालगृहात गेलात, तर खाऊ वाटून लगेच निघू नका. पुन्हा यावे लागेल असे एखादे काम तिथे ठेवून या.