डावीकडची सीट

गाडीत बसलं की बुरुलचं डोकं ठणकायचं, पोटात ढवळायचं, आणि घरी पोचल्यावर ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. काराकोल गावातल्या डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या, पण बुरुलनं मनाशी ठरवूनच टाकलं होतं. आई याच वयात गेली, आता आपली पाळी. तिनं नवऱ्याला, एस्तेबेसला, नान भाजायला शिकवलं, मीठ कुठे नि साखर कुठे ते दाखवलं. तिकडे राजधानीत, बिश्केकला, लेकीला पहिलं बाळ झालं होतं आणि त्याला पाळण्यात घालण्याचा मान आजीचा होता.

"तो मान लेकीच्या सासूला, केंजेताईला द्या," ती म्हणाली. "एवढ्या लांबच्या रस्त्यात मी वाटेतच जाईन. बारशाच्या घरी मयत नको."

बायकोशी वाद घालून एस्तेबेस जन्मात कधी जिंकला नव्हता. बायकोसाठी काही करता येत नसलं की पुरुष गाडीचं बॉनेट उघडतो, तसं त्यानंही उघडलं. स्टिअरिंगसमोरचा इंजिनाचा पिवळा दिवा पेटत होता. बाजारात कुणीतरी सांगितलं, धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर गेलाय. यानं नवा आणून बसवला. दिवा जरा वेळ विझला आणि पुन्हा पेटला.

शेवटी तो मेदेर मेकॅनिककडे गेला. मेदेरनं सेन्सरला हातच लावला नाही. इंजिन चालू ठेवून मागच्या धुराच्या नळीच्या तोंडावर चिंधी दाबायला लावली आणि स्वतः खड्ड्यात उतरून कान दिला. फुसफुस ऐकू आली. गेल्या वर्षी, आतल्या महागड्या धातूसाठी सगळेच विकतात म्हणून, एस्तेबेसनंही गाडीचा धूर गाळणारा डबा कापून विकला होता. त्या पैशांत हिवाळ्याचा कोळसा आला होता. डब्याच्या जागी जी साधी नळी जोडली, तिचा वरचा जोड इंजिन नि सेन्सर यांच्यामध्ये तडकला होता.

"दादा, सेन्सर बिचारा काय करणार," मेदेर खालून म्हणाला. "फटीतून बाहेरची हवा शिरते. त्याला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, मग इंजिन आणखी ओततं. आणि त्याच फटीतून सुटलेला हा सगळा धूर गंजलेल्या तळातून गाडीत चाललाय. डावीकडे कोण बसतं?"

डावीकडे बुरुल बसायची. जपानहून आलेली गाडी, स्टिअरिंग उजवीकडे. तो सिगरेटसाठी आपली काच कायम उघडी ठेवायचा. बुरुलच्या कानाला वारा सोसायचा नाही, ती डोक्याला रुमाल गुंडाळून डावीकडची काच घट्ट लावून बसायची.

मेदेर नको नको म्हणत असताना तो बुरुलच्या जागेवर बसला आणि काच वर केली. थोड्याच वेळात कानशिलं उडायला लागली, मळमळायला लागलं. मेदेरनं दंडाला धरून त्याला बाहेर ओढलं. हे ती महिनोन्महिने सोसत होती, आणि उतरताना वर आपल्यालाच विचारायची, दमलात का. एस्तेबेस टायरवर बसून लहान पोरासारखा रडला.

मेदेरनं तळ ठिगळून घेतला, भंगारातल्या गाडीचा चांगला डबा बसवला, नवा जोड दिला. घरी येऊन एस्तेबेस दारातच उभा राहिला.

"बुरुल, तुला काही झालेलं नाही. गाडीतला धूर होता. तो डबा मीच विकला होता."

"म्हणजे मी उगाचच तुम्हाला नान भाजायला शिकवलं," बुरुल म्हणाली. मग दोघंही रडली. त्यानंतर तिनं त्याला दोन दिवस भरपूर शिव्या दिल्या, आणि त्या त्याला फार गोड लागल्या.

बारशाला दोघं निघाली. सरोवराच्या काठानं जाताना एस्तेबेसचं लक्ष डावीकडे गेलं. बुरुलची मान काचेवर कलली होती, डोळे मिटलेले. त्यानं हाक मारली. ती हलली नाही. त्यानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि हात तिच्या नाकाशी धरला.

बुरुलनं एक डोळा उघडला.

"झोपलेय हो मी," ती म्हणाली. "इतक्या दिवसांनी या गाडीत झोप लागली, ती मोडू नका. चला, बाळ वाट बघतंय."