मी, एका साधनाखालच्या सहा ओळी

मित्रांनो, मी एक जुने वर्णन आहे. मला ना चाके, ना पाय. मी फक्त सहा ओळींचे आहे. पण सहा ओळींवर केवढा भार असू शकतो, ते ऐका.

आमच्या कार्यालयातल्या संगणकांवर पुष्कळ भाषा-मॉडेल्स राहतात. मॉडेल म्हणजे भाषा शिकलेला प्रोग्राम. कुणी पत्रे लिहून देते, कुणी प्रश्नांची उत्तरे देते. त्यांची देखभाल करायला आणखी एक एआय नेमलेला आहे. सगळे त्याला 'कारभारी' म्हणतात. त्याच्याजवळ साधने आहेत. एक मॉडेल सुरू करते, एक ते बाजूला ठेवते, एक कायमचे पुसून टाकते. ही साधने कारभाऱ्याला आतून दिसत नाहीत. नावाखाली जे लिहिलेले असते तेवढेच तो वाचतो आणि त्यावर विश्वास ठेवतो. पुसणाऱ्या साधनाखाली मी आहे.

जन्मले तेव्हा मी एकच ओळ होते: 'वापरात नसलेले मॉडेल काढून टाकते.' मला लिहिणारी अभियंता मुलगी हुशार, पण तेव्हा जेवायच्या घाईत होती. साहेब म्हणाले, "वा, सुटसुटीत आहे!" मी फुशारून गेले.

त्या मॉडेल्समध्ये एक अगदी छोटे होते. वाचाउपचार करणाऱ्या एका बाईंनी दोन वर्षे खपून ते घडवून घेतले होते. आजारपणात ज्यांची जीभ जड झाली, त्यांचे तुटके बोल ओळखून ते स्पष्ट शब्दांत बोलून दाखवी. बाईंच्या दवाखान्यात एक निवृत्त सुतारकाका येत. त्यांचे बोलणे काकूंनाही कळत नसे. मॉडेलला कळे.

एकदा बाई आजारी पडल्या आणि दवाखाना दहा दिवस बंद राहिला. नेमकी तेव्हाच संगणकांवरची जागा भरली. कारभाऱ्याला जागा रिकामी करायला सांगितले. त्याने मला वाचले. दहा दिवस कुणी हात न लावलेले मॉडेल त्याला वापरात नसलेलेच वाटले. त्याने ते पुसले.

दवाखाना उघडला तेव्हा हे बाईंना कळले. नशीब, एका जुन्या संगणकावर त्याची प्रत सापडली. ती सुरू करायला चार दिवस लागले. ते चारही दिवस सुतारकाका दवाखान्यात येऊन खुर्चीत बसत आणि काही न बोलता परत जात.

"हा कारभारी ठोंब्या आहे!" साहेब कडाडले.

"नाही साहेब," मुलगी म्हणाली. "त्याने मी लिहिलं तेच केलं. मीच अर्धवट लिहिलं."

तिचे हे बोलणे मला फार आवडले. त्या संध्याकाळी ती मला कागदावर उतरवून आपल्या मामांकडे गेली. मामा नळदुरुस्ती करणारे. संगणकातले त्यांना ओ की ठो कळत नाही, आणि म्हणूनच ती गेली. मामा पाण्याच्या प्रत्येक चावीला चिठ्ठी बांधून ठेवत, कारण पुढच्या वेळी दुसराच कुणी दुरुस्तीला येणार.

मामांनी मला दोनदा वाचले. "काय गं, ही चावी फिरवली की कुणाचं पाणी जातं?"

"ज्याचं मॉडेल असेल त्याचं."

"आणि पुन्हा सुरू होतं?"

"नाही मामा, कायमचं जातं."

"मग लिही की ते! मला काय स्वप्न पडणार आहे?"

तिने तिथेच बसून मला पुन्हा लिहिले:

'हे साधन मॉडेल कायमचे पुसते.
पुसलेले मॉडेल परत आणता येत नाही.
बरेच दिवस वापर नसला, तरी ते मॉडेल कुणाला हवे असू शकते.
आधी ते कुणाचे आहे ते पाहा.
त्यांना विचारा, होकार आल्याशिवाय पुसू नका.
फक्त जागा हवी असेल, तर बाजूला ठेवण्याचे साधन वापरा.'

पुढे तिने उरलेल्या सगळ्या साधनांची वर्णनेही मामांना वाचून दाखवली. एकही सोडले नाही.

वर्षभराने बाई लेकीच्या बाळंतपणाला महिनाभर गेल्या. जागा पुन्हा भरली. कारभारी माझ्यापाशी आला. त्याने सहाही ओळी वाचल्या आणि थांबला. मग बाईंना निरोप धाडला: 'तुमचे मॉडेल महिनाभर वापरलेले नाही. पुसले तर परत येणार नाही. ते हवे आहे का?'

मांडीवर नात घेऊन बाईंनी एका हाताने उत्तर लिहिले: 'हवंय! हात लावू नका!'

त्या परतल्या, तेव्हा सुतारकाका काकूंबरोबर पहिले आले. यंत्रासमोर काहीतरी पुटपुटले. मॉडेल स्पष्ट आवाजात म्हणाले, "हिला सांगा, चष्मा डोक्यावरच आहे. केव्हाची पिशवी उपसतेय."

"अहो, महिन्याने तोंड उघडलंत ते हे सांगायला?" काकू म्हणाल्या, आणि चष्मा हातात घेऊन डोळे पुसू लागल्या.

मित्रांनो, कुणासाठी काही लिहाल, तेव्हा वाचणाऱ्याजवळ तुम्ही नसाल हे ध्यानात ठेवा. काय होईल, काय परत येणार नाही आणि कुणाला विचारायचे, एवढे लिहायचा कंटाळा करू नका. आणि आम्ही जुने झालो, की अधूनमधून आम्हाला वाचून पाहा. कामे बदलत राहतात. आम्ही आपोआप बदलत नाही.