दहा पावले मागून

मोठ्या माणसाच्या पावलावर पाऊल टाकत गेले की माणूस मोठा होतो, अशी नत्थुजींची श्रद्धा होती. म्हणून ते अकोल्याच्या कापूसबाजारात खुशालरावांच्या नेमकी दहा पावले मागे उभे होते. खुशालराव शिंकले. नत्थुजींनाही नाकात हुळहुळल्यासारखे झाले.

श्रद्धेला आधार होता. गेल्या साली खुशालरावांनी होळीला कापूस विकला, त्याच दिवशी नत्थुजींनीही विकला आणि घरावर गवत जाऊन कवेलू चढले. तेव्हापासून ते पागोटेही खुशालरावांसारखे डाव्या कानावर कलते बांधत. त्या कानाने ऐकू कमी येई. पण धंद्यात सोसावे लागतेच.

यंदा अमेरिकेत लढाई चालूच होती, तिकडचा कापूस विलायतेला पोचत नव्हता, आणि वऱ्हाडात भाव रोज चढत होता. खुशालराव भर दुपारी येत, बाजाराला चक्कर मारत आणि काही न विकता घरी जात. थोर माणूस थांबला आहे, म्हणजे भाव आणखी चढणार! नत्थुजीही थांबले. सरकी काढलेली रुई आधी माजघरात भरली, मग देवघरात. देवासकट कुटुंब गोठ्यात आले.

“खुशालराव मोठा असन,” नत्थुजींची बायको पार्वताबाई म्हणाली, “पन त्याची बायको घरात रांधते. इकून टाका न आता.”

“तुले धंद्यातलं काय समजते?” नत्थुजी म्हणाले. खरे तर त्यांनाही विकायचे होते. रात्री पाठीला म्हैस लागे.

चैत्रात मुंबईच्या दलालाने दुपट्ट्याखाली त्यांचा हात धरला आणि बोटे दाबून भाव सांगितला. एवढी बोटे नत्थुजींच्या हाताने कधी ऐकली नव्हती. ‘हो’ म्हणायला फक्त मूठ दाबायची होती. त्यांनी पुढे पाहिले. खुशालराव काही न विकता घराकडे वळत होते. नत्थुजींनी हात काढून घेतला.

वैशाखात तार आली, की अमेरिकेतली लढाई मिटली. आठवड्यात भाव निम्म्यावर आला. खुशालराव तेवढ्याच शांतपणे चक्कर मारत होते. त्या दिवशी नत्थुजींनी पहिल्यांदा दहा पावलांचे अंतर तोडले.

“खुशालरावजी, आता तरी सांगा. तुमी काहून नाही इकला?”

“काय?”

“कापूस.”

“माहा तं दिवाळीलेच इकून झाला, उभ्या वावरातच.”

“मंग रोज बाजारात काय करून राहिले?”

“वैद्यानं जेवल्यावर चालाले सांगतलं,” खुशालराव म्हणाले. “बाजारात सावली असते.” मग त्यांनी विचारले, “तुमालेबी पोटाचंच हाय का?”

नत्थुजी ‘हो’ म्हणाले.

निम्म्या भावाने विकायला नत्थुजींचा हात धजेना. मृगात कवेलू गळले आणि भिजली रुई कोणी घेईना. त्या साली घरात माणसे पाच होती. गाद्या एकतीस झाल्या.