खासदारांना नाव ठेवताना

संध्याकाळी सातच्या बातम्या लागल्या की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक छोटी चौकट दिसायची आणि त्या चौकटीत एक बाई हात हलवत उभी असायची. शहरात तिला सगळे ‘कोपऱ्यातली ताई’ म्हणत. ऐकू येणाऱ्यांचं तिच्याकडे फारसं लक्ष नसे; पण ज्यांना ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी बातम्या काय त्या चौकटीतच. ताईचे आईवडील दोघंही बहिरे, त्यामुळे तिला बोबडं बोलता यायच्या आधीच तिचे हात बोलायला लागले होते. आई जाऊन आता पाच वर्षं झाली होती. वडील सुतार. साठी उलटली तरी त्यांचा रंधा थांबला नव्हता आणि थट्टाही.

निवडणूक पार पडली, आसपासच्या जिल्ह्यांतून सात खासदार निवडून संसदेत गेले, आणि इकडे ताईची पंचाईत झाली. सातांची नावं एकापेक्षा एक लांबलचक, त्यात आडनावं जोडलेली. एकेक अक्षर बोटांनी जुळवून दाखवेपर्यंत निवेदक पुलाच्या उद्घाटनावरून थेट हवामानावर पोचलेला असायचा.

रविवारी ती कर्णबधिर मंडळात गेली. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर मंडळाची खोली होती. खुर्च्या नेहमी गोलात मांडलेल्या, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येकाचे हात दिसतात. बसते न बसते तोच तिला समोरच्या आजींनी गाठलं. आजींनी चाळीस वर्षं कारखान्यात शर्टांना काजं केली होती, त्यामुळे त्यांची बोटं टाचणीसारखी टोचत.

“परवा बातम्यांत कुणावर एवढी बोटं मोडत होतीस?” त्यांनी हातांनी विचारलं.

“बोटं मोडत नव्हते, आजी. खासदारांची नावं सांगत होते.”

“मला वाटलं तुला मुंग्या आल्या.”

खोलीभर हात हलले. हसणं ते असं. मग ताईच्या बाबांनी दिव्याचं बटण दोनदा खालीवर केलं. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

“सातही जणांना खूणनावं द्यायला हवीत,” बाबा म्हणाले.

खूणनाव म्हणजे एकाच खुणेत अख्खा माणूस. मंडळात प्रत्येकाला ते होतंच. पण ते देण्याचा मान बहिऱ्या माणसाचा, आणि तेही माणूस डोळ्यांनी पाहिल्याशिवाय द्यायचं नाही. फोटो चालत नाही. बाबांचा हा नियम दगडावरची रेघ होता.

मग काय, बापलेक निघाले. दर शनिवारी एका खासदाराचं संपर्क कार्यालय. पहिल्याच ठिकाणी ताईनं स्वीय सचिवाला सांगितलं, “आम्हाला साहेबांना नाव ठेवायचंय.”

“ठेवा की,” तो कागदावरून नजर न उचलता म्हणाला. “रोज पन्नास जण तेच करायला येतात. रांगेत बसा.”

पण भेटी झाल्या, आणि ताईलाही गंमत वाटायला लागली. आजवर ही माणसं तिच्यासाठी बातमीतली नुसती नावं होती. एक डॉक्टरबाई होत्या. त्या चष्मा डोक्यावर चढवायच्या आणि मग टेबलभर शोधायच्या. बाबांनी तिथल्या तिथे डोक्यावर चष्मा ठेवल्याची खूण केली, आणि बाई इतक्या हसल्या की चष्मा खाली पडून सापडला. एक निवृत्त हेडमास्तर होते, ते बोलता बोलता हवेत खडूनं अधोरेखित करत. सगळ्यात तरुण खासदार होती ती जाता येता बाह्या वर सरसावायची; भांडायला निघाल्यासारखी, पण बोलायची मात्र लोण्यासारखं. तिनं बाबांना तासभर बसवून घेतलं आणि मंडळाच्या जिन्याला कठडा का नाही हे विचारलं. दोन महिन्यांत सहा खूणनावं तयार झाली.

सातवं गाडं मात्र अडलं. हे खासदारसाहेब तिसऱ्यांदा निवडून आलेले. पहिल्यांदा गेले तर साहेब राजधानीत. दुसऱ्यांदा गेले तर साहेब दौऱ्यावर. तिसऱ्यांदा साहेब ‘आत्ताच गेले.’ तिन्ही वेळा बाबा दारातून आत बघत उभे राहिले. आत भलीमोठी नवी खुर्ची होती आणि तिच्यावरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं.

“बघितला माणूस,” बाबा म्हणाले.

त्यांनी डाव्या हाताची दोन बोटं आडवी धरून खुर्ची केली. उजव्या हाताची दोन बोटं ऐटीत चालत आली, खुर्चीवर बसायला वाकली, आणि न बसताच भुर्रकन उडून गेली.

“बाबा, हे बरं दिसतं का?”

“दिसलं ते दिलं. मी काही पदरचं घातलं नाही.”

मंडळानं खूण एकमतानं उचलून धरली. आजींनी तर दोनदा करून दाखवली. ताईनं चार दिवस टाळाटाळ केली, पण मग बातमी आली की साहेबांनी वाचनालयाची पायाभरणी केली. वेळ पाच सेकंदांचा. तिच्या हातांनी तिला न विचारताच खुर्ची मांडली आणि बोटं उडवली.

दुसऱ्या दिवशी वृत्तसंपादकांनी बोलावून घेतलं. त्यांचा चेहरा उतरलेला होता. साहेबांच्या घरी त्यांची पुतणी राहत होती, जन्मापासून बहिरी. बातम्या बघताना ती एवढी हसली की तिला ठसका लागला. साहेबांनी कारण विचारलं आणि तिनं कागदावर लिहून दिलं.

“खूण बदला आणि माफी मागा,” संपादक म्हणाले. “नाहीतर माझी धडगत नाही, तुमचीही नाही.”

ताईनं त्यांचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. पण सुतारानं वाढवलेली पोर, सहजासहजी वाकायची नाही. “सर, माफी मी मागते. पण खूण माझी नाही, मंडळाची आहे. ज्यांनी दिली त्यांनीच बदलायची. साहेबांना रविवारी अकरा वाजता तिथे यायला सांगा.”

आणि साहेब आले! लाकडी जिना दणादणा वाजवत आले, मागे पुतणी. दारातच त्यांनी आवाज चढवला. हा काय पोरखेळ, तीनदा निवडून आलोय, लोक मला ओळखतात, वगैरे वगैरे. आवाज असा की खाली सायकलवाल्यानं पाना खाली ठेवून वर बघितलं. वर मात्र कुणाची पापणी लवली नाही. तीसजण शांतपणे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. बाबा चहा गाळत होते. दोन मिनिटांत साहेबांचा वारा पडला. आजूबाजूला हात भराभर चालू झाले, कुणी हसलं, कुणी मान डोलावली, आणि हे काय चाललंय ते त्या खोलीत फक्त एका माणसाला कळत नव्हतं.

“काय म्हणतायत?” त्यांनी ताईला हळूच विचारलं.

“म्हणतायत, उभे का? बसा.”

ते बसले. मग आजी उठल्या. आजी हातांनी सांगत होत्या आणि ताई बोलत होती.

“मार्चमध्ये मी सरकारी दवाखान्यात गेले. सकाळी आठला नंबर लावला. ते नाव पुकारतात. मला कसं कळणार? दर वेळी खिडकीशी गेले की हातानं ‘बसा’ म्हणायचे. दुपारी दार बंद केलं तेव्हा कळलं, माझं नाव तीनदा पुकारलं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी गेलेच नाही.”

साहेबांनी आजींकडे पाहिलं. मग पुतणीकडे वळून त्यांनी ओठ ठळक हलवत विचारलं, “तुझंही असंच होतं?”

तिनं मान डोलावली आणि हात पुढे केले. ताईनं तिचे शब्द सांगितले. “काका, तुम्हाला माझ्या भाषेतले दोनच शब्द येतात. जेव आणि झोप. मी तुम्हाला काय काय सांगणार?”

साहेबांनी चहाचा कप उचलला, तो रिकामा होता, तरी ओठांना लावला. एकोणीस वर्षं ती पोर त्यांच्या घरात होती.

“खूण बदलायला काय करावं लागेल?” शेवटी त्यांनी विचारलं. आवाज आता अगदी घरातला होता.

“येत जा,” बाबा म्हणाले. “आज एकदा आलात, एवढ्यावर काही कळत नाही.”

ताईला वाटलं, आता हे कसले येतायत. पण पुढच्या महिन्यात जिना वाजला. त्याच्या पुढच्या महिन्यातही. साहेबांचे हात आयुष्यभर पाठीमागे बांधलेले. खुणा शिकताना ते पुढे आणायचीच त्यांना चोरी. ‘धन्यवाद’ म्हणायला जायचे आणि भलतंच म्हणून बसायचे, आजी तोंडाला पदर लावून थरथरायच्या. पण संसदेत त्यांनी दवाखान्यांमधल्या पुकाऱ्याचा प्रश्न मांडला, आणि तो मांडताना आजींचे तीन दिवस जसेच्या तसे सांगितले. ती बातमी ताईनं चौकटीतून सांगितली, तिन्हीपैकी एकही दिवस न गाळता.

साहेब चौथ्यांदा आले त्या रविवारी पुतणी उठली. नाव देण्याचा मान तिचाही होताच. तिनं दोन्ही हात पाठीमागे बांधले, मग सावकाश पुढे आणून उघडले. बस, एवढंच. सगळ्यांनी वर हात हलवून पसंती दिली. साहेब मान खाली घालून कपाळ चोळत बसले.

फक्त आजींचे हात मांडीवरच.

“दवाखान्यात नंबर दिसू दे, मग बघू,” त्या म्हणाल्या.

पाटी लागायला पाच महिने गेले. लाल आकड्यांची, खिडकीच्या वर. आजी दुसऱ्याच सकाळी जाऊन बसल्या. सदतीस आकडा लागला तशा उठून डॉक्टरांसमोर गेल्या. काय होतंय, असं डॉक्टरांनी खुणेनं विचारल्यावर त्यांनी कागदावर लिहिलं, ‘काही नाही. नंबर दिसतो का ते बघायला आले.’ डॉक्टरांनी तरी रक्तदाब मोजला. चांगलाच वाढलेला निघाला. गोळ्या सुरू झाल्या.

रविवारी आजींनी हात वर केला. सोमवारी सातच्या बातम्यांत ताईनं नवी खूण पहिल्यांदा वापरली, आणि पुतणीचा लगेच निरोप आला: आपली खूण येईपर्यंत काकांनी बातम्या उभ्यानं बघितल्या.