ताक विकायचं नाही

तळेगाव दाभाड्यापासून चाकणपर्यंत आज या घराची डेअरी आणि हॉटेलं आहेत, आणि गल्ल्यावर बसलेली नातवंडं गिऱ्हाइकांना ठासून सांगतात की आमच्या सोपानआजोबांना फार दूरची दृष्टी होती. साफ खोटं! सोपानराव पहिल्या दिवसापासून ते हॉटेल मोडायच्या तयारीत होते. ते उभं राहिलं ते त्यांच्या सुनेमुळं, अंबूबाईमुळं, आणि तिनं घातलेल्या एका भल्यामोठ्या घोळामुळं.

साल पंचावन्न. पिंपरीला औषधांचा नवा कारखाना सुरू झालेला आणि रस्त्याकडेच्या पत्र्याच्या खोल्यांत कुठकुठून माणसं येऊन पडलेली. चिंचवडात सोपानरावांच्या गोठ्यात आठ म्हशी होत्या. अंबूबाईचा नवरा हिंदुराव रोज सकाळच्या गाडीनं सगळं दूध पुण्याच्या एका हलवायाला नेऊन घालायचा. शेण, वैरण, धारा सगळं अंबूबाईच्या अंगावर. पण ते दूध पिणाऱ्याचं तोंड तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. एकदा पुण्याला नणंदेकडे गेली असताना ती मुद्दाम त्या हलवायाकडे जाऊन पेलाभर दूध प्यायली, आणि तिची तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या म्हशींच्या दुधात नळाचं पाणी! त्या दिवसापासून तिनं एकच धोशा लावला: आपलं दूध आपण आपल्या हातानं माणसांना पाजायचं, आणि पिऊन ती काय म्हणतात ते समोर उभं राहून ऐकायचं.

सोपानराव माळकरी, तापट आणि शब्दाचे पक्के. सुनेची भुणभुण ऐकून ते विटले आणि त्यांनी हॉटेलासाठी दोन म्हशींचं दूध आणि आठ दिवसांची मुदत दिली.

"चाललं तर चाललं. न्हाई तर खांब उपटून गोठ्याला लावतो," ते म्हणाले. "आन् सूनबाई, ताक इकायचं न्हाई. मागंल त्याला द्यायचं. आपल्या घरात ताकाचं पैसं कुनी घेतलं न्हाईत."

"व्हय मामंजी," अंबूबाई म्हणाली. ही अट तिला अटच वाटली नाही. ताक विकणारी बाई तिनं माहेरीही पाहिली नव्हती.

कारखान्याच्या रस्त्यावर चार खांब उभे राहिले, वर झापं पडली, चुलीवर दूध आटायला लागलं. दिवस चैत्राचे, ऊन मी म्हणत होतं. सात दिवस कुणी फिरकलं नाही. आठव्या दिवशी एका तहानलेल्या कामगाराला कळलं की इथं ताक फुकट मिळतं, आणि मग जी झुंबड उडाली! माणसं ताक प्यायची, मिशा पुसायची, "माउली, जीव गार केलास" म्हणून चालायला लागायची. भजी गारठली. आटवलेल्या दुधावर जाड साय धरली आणि तिच्याकडे कुणी ढुंकून बघेना.

एवढ्यावर थांबली तर ती अंबूबाई कसली! "खोलीवरच्या गड्यांनाबी न्यायचं व्हतं, पर भांडं न्हाई," असं एकजण म्हणाला आणि हिनं त्याला घरचा तांब्या भरून दिला. दुसऱ्याला लोटा दिला, तिसऱ्याला चरवी. नाव नाही, गाव नाही, नुसतं "आणून द्या हां." संध्याकाळपर्यंत घरातलं एकूणएक भांडं पत्र्याच्या खोल्यांत पोचलं होतं. त्यात सोपानरावांचा स्वतःचा पाणी प्यायचा तांब्याही होता.

जेवताना हिंदुरावानं दुधाच्या मापानं पाणी प्यायलं. सोपानरावांनी ओंजळीनं. पाणी कोपरापर्यंत ओघळलं तशी त्यांनी डोळे वटारले.

"उद्या खांब काढतो," ते म्हणाले.

अंबूबाईला भांड्यांचं काही वाटत नव्हतं. आपलं दूध कुणी चाखलंसुद्धा नाही, याचं तिला रडू येत होतं.

सकाळी ती शेवटची चूल पेटवायला गेली, तर झोपडीपुढं माणसं उभी. भांडी परत आली होती, आणि एकही रिकामं नव्हतं! घरोघरची रीतच ती, दुसऱ्याचं भांडं रिकामं कसं द्यायचं? पण ही माणसं परमुलखातली, त्यांच्याकडे होतं काय? तर गावाकडून आईनं, बायकोनं बांधून दिलेलं. लातूरच्या गड्यानं कारळाची चटणी घातलेली. साताऱ्याच्या रंगरावानं गुळाचा खडा, रत्नागिरीच्या एकानं आमसुलं. लॉरी दुरुस्त करणाऱ्या मन्सूरची बायको झुलेखा, तिनं चरवीभर हातच्या शेवया पाठवल्या होत्या. आणि सोपानरावांच्या तांब्यात, त्या माळकऱ्याच्या तांब्यात, कुण्या भल्या माणसानं काठोकाठ सुकट भरली होती!

अंबूबाईला असं काही हसू फुटलं की ती चुलीपुढं बसकण मारून डोळे पुसत राहिली. मग पदर खोचून उठली. सुकट तेवढी शेजारणीकडे गेली, बाकी सगळं चुलीवर चढलं. आमसुलाचं सार, भाकरीवर लोणी आणि कारळाची चटणी, आणि आटवलेल्या दुधात गूळ विरघळवून शेवयांची खीर.

दुपारच्या सुट्टीला तीच माणसं पुन्हा ताकाला आली, आणि वासानं जागीच थबकली.

"आरं, ही माझ्या आईची चटणी!" लातूरकर ओरडला आणि फतकल मारून बसला. त्याला ती सगळ्यांना चाखवायची होती. रत्नागिरीकर म्हणाला, आधी सार प्या. रंगराव म्हणाला, गूळ कुणाचा ते विचारा. प्रत्येकजण दुसऱ्याला ओढून बसवायला लागला, आपल्या घरच्या चवीचं कौतुक ऐकायला पदरचे पैसे टाकून वाढायला सांगायला लागला. बाकडं मोडलं, तशी मंडळी जमिनीवर बसली. अंबूबाई वाढतेय, हसतेय, पदरानं घाम पुसतेय, आणि जो तो खिरीचा घोट घेऊन म्हणतोय, "दूध कुठलं हो हे?"

"माझ्या म्हशींचं!" ती दर वेळी तितक्याच मोठ्यांदा सांगत होती.

एवढ्यात खांद्यावर पहार टाकून सोपानराव आले, मागून हिंदुराव. पण खांब काढणार कसा? चारी खांबांना जेवणारी माणसं टेकलेली! "या आजोबा, सरका रं," म्हणत मन्सूरनं त्यांना हाताला धरून खाली बसवलं आणि खिरीची वाटी पुढ्यात सरकवली. सोपानरावांनी ती लांबूनच निरखली.

"शेवया कुनाच्या?"

"आमच्या घरच्या," मन्सूर म्हणाला.

अंबूबाईच्या हातातला डाव हवेतच राहिला. सोपानरावांनी वाटी तोंडाला लावली आणि संपेपर्यंत खाली ठेवली नाही.

"बारीक वळल्यात," ते म्हणाले. "आणखी वाढ, सूनबाई."

दुसरी वाटी संपली. त्यांनी मिशीवरची साय पुसली, तुडुंब भरलेल्या झोपडीकडे पाहिलं आणि लेकाला हाक मारली.

"हिंदुराव, उद्या गाडीला जाऊ नगंस. समद्या म्हशींचं दूध हितंच आन. हितं पुरंना झालंय."