रंगाला रंग

टेबलाखालून बाहेर येताना तिचं डोकं कडेवर आपटलं. आई गं! कॉम्प्युटरमागचा हिरवा दिवा अजूनही लागला नव्हता. वायर काढून घातली, राउटर बंद-चालू केला, कॉम्प्युटरही दोनदा सुरू करून झाला, पण नेट काही येईना. तासाभरात नोकरीची परीक्षा होती. दोन वर्षं घरी बसल्यावर कुठं एक संधी आली होती, आणि ती परीक्षा मेली फोनवर उघडत नव्हती.

“मॅडम, वायर नीट बसलीय का?” कंपनीच्या माणसानं फोनवर पुन्हा तेच विचारलं.

“बसलीय हो! अजून किती वेळा सांगू?”

तिनं फोन आदळला आणि वायरीवरून बोटं फिरवत भिंतीच्या कडेनं रांगत गेली. कपाटामागे बोटांना काळ्या टेपचा जोड लागला. अगदी सुबक.

“बाबा!”

सासरे दारात आले. त्यांचा सगळा जन्म वायरमनकीत गेला होता आणि त्यांनी मारलेला जोड पुन्हा उघडायची वेळ कधी कुणावर आली नव्हती.

“ही वायर तुम्ही कापलीत?”

“तुझ्या पायात यायची ना सारखी. सकाळी जास्तीची काढून टाकली.”

“अहो, विचारायचं तरी! आजच बरे तुमचे हात शिवशिवले!”

“जोडाला काही झालेलं नाही,” ते ठसक्यात म्हणाले. “रंगाला रंग लावलाय. बघ उघडून.”

तिनं रागारागानं टेप ओरबाडून काढली. आत आठ बारीक तारा होत्या, पीळ एकसारखे. पण नारिंगी तार तपकिरीला जोडली होती, हिरवीसुद्धा भलतीलाच.

त्यांनी जोड खिडकीपाशी नेला, डोळे बारीक केले.

“आहे ना बरोबर?”

ती काहीतरी लागट बोलणार होती. पण तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते खरंच विचारत होते.

“बाबा, इतकं बारीक काम मला नाही जमायचं,” ती म्हणाली. “मी तारा हातात देते, तुम्ही पीळ मारा.”

ती एकेक जोडी निवडून देत गेली आणि ते पीळ मारत गेले. रंगांचं नाव दोघांनीही काढलं नाही. शेवटची जोडी लागली तसा मागचा दिवा लुकलुकला. परीक्षेचं पान उघडलं. हुश्श करून तिनं खुर्ची पुढे ओढली.

ते दारापाशी घुटमळले.

“रविवारी तुझ्या नणंदेकडे मेन बोर्ड बदलायला जायचंय,” ते म्हणाले. “तू येशील बरोबर? तारा द्यायला.”