दारातली तपासणी

ती दातांच्या कवळ्या बनवायची. दिवसभर प्लास्टर, मेण आणि घासायचं यंत्र. संध्याकाळी साडेसहाला घरी पोचली की नवरा दारातच उभा असायचा. आधी केस, मग मान, मग दोन्ही तळहात. कुत्र्यासारखा हुंगायचा आणि मग म्हणायचा, "ये आत."

बाहेर तो मुलांचा लाडका विज्ञानशिक्षक. आवाज कधी चढवला नाही, हात कधी उगारला नाही. एकदा तिच्या स्वेटरला कुणाच्या तरी सिगारेटचा वास आला, तेव्हा त्यानं तो तिच्याकडून तीनदा धुऊन घेतला आणि आठवडाभर अबोला धरला. तेव्हापासून ती कामावरून निघण्याआधी कोपरापर्यंत हात घासायची, कातडी सोलवटली तरी घासायची. मैत्रिणींबरोबर डबा खाणं सुटलं, कुणाशेजारी बसणंही सुटलं. त्याचं ओलसर नाक मानेला लागायचं. तरी ती हसायची. हसली नाही तर तपासणी पुन्हा पहिल्यापासून.

सासूबाई महिनाभर राहायला आल्या. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी दाराशी काय चालतं ते पाहिलं. सकाळी मुलगा शाळेत शिकवायला गेल्यावर भांडी विसळता विसळता म्हणाल्या, "याचा बापही हेच करायचा. मला वाटायचं, माझ्याच अंगाला घाण येते."

"मग तुम्ही काय केलंत, आई?"

"काय करणार? चाळीस वर्षं आंघोळी केल्या."

तिला कीव आली नाही. शिसारी आली, त्या चाळीस वर्षांची आणि स्वतःच्या लालभडक हातांचीही.

"कपडे भर," सासूबाई म्हणाल्या. "त्यानं विचारलं तर सांगेन, मीच जा म्हटलं."

ती मोठ्या बहिणीकडे गेली. चौथ्या दिवशी तो फुलं घेऊन तिच्या कामावर हजर. सगळ्यांदेखत गोड आवाजात म्हणाला, "घर खायला उठतं गं." बोलता बोलता पुढे सरकला आणि त्याची मान आपसूक तिच्या खांद्याकडे वळली. नाकपुड्या फुगल्या. समोरच्या टेबलाशी बसलेल्या, तिच्या कामावरच्या मुख्य बाईंनी तोंड वाकडं केलं.

तिनं प्लास्टरनं भरलेला हात त्याच्या छातीवर टेकवून त्याला मागे ढकललं. "लांब उभा राहा. यापुढे मला हात लावायचा नाही, नाक लावायचं नाही. मी परत येणार नाही."

"लोक काय म्हणतील?"

"त्यांनी आत्ताच पाहिलंय."

शर्टावर पांढरा पंजा घेऊन तो निघून गेला.

घटस्फोटाला दोन वर्षं लागली. बायकोच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं तो सगळीकडे सांगत फिरला. कोर्टात सासूबाई सुनेच्या बाजूनं बोलल्या आणि मग स्वतःच्या मुलीकडे राहायला गेल्या.

ती आता एका खोलीत एकटी राहते. कधी सातला घरी येते, कधी नऊला. कधी मैत्रिणीकडेच मुक्काम करते आणि कुणाला कळवत नाही.